आई-बाबा, गुलमर्गचा बेत असा

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

दादा-वहिनीला स्कीइंग शिकायचं आहे आणि तुम्हाला बर्फ बघायचा आहे, म्हणून सगळा बेत सविस्तर लिहिते आहे. पैसे मोजके आहेत. कुठे हात आखडायचा आणि कुठे अजिबात नाही, ते आधी ठरलेलं बरं.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला आहे. काश्मीरचा ‘चिल्ला-ए-कलान’, म्हणजे चाळीस दिवसांचा कडाका, २१ डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीअखेर संपतो. नंतर ऊन जरा बरं पडतं आणि साचलेला बर्फही टिकून असतो. पण हमी कोणीच देऊ शकत नाही. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गचं मैदान कोरडं होतं. २०२५मध्ये बर्फ कमी म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर गेल्या. तेव्हा खोली अशीच घ्यायची, की दोन दिवस आधी रद्द केली तरी पैसे परत मिळतील. त्यासाठी भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.

जायचं रेल्वेनं. स्वराज एक्सप्रेस बोरिवलीला पकडायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कटरा. रात्री तिथे मुक्काम, आणि सकाळी वंदे भारतनं साधारण तीन तासांत श्रीनगर. बाबा, विमानानं दोन दिवस वाचतात हे खरं. पण जोराचा बर्फ पडला की विमानतळ आणि महामार्ग दोन्ही एकदमच बंद होतात. रेल्वे बहुतेक वेळा चालू राहते किंवा लवकर सुरू होते. भाड्यातला फरक तर आहेच. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे, खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे: पुरुषाला ६० आणि बाईला ४५ वर्षं पूर्ण हवीत, आणि तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी हवेत. आमची नावं तुमच्या तिकिटात घातली की हा कोटा लागत नाही. म्हणून तुमचं दोघांचं तिकीट वेगळं काढते.

राहायचं टंगमर्गला. गुलमर्गच्या खाली १३ किलोमीटरवर आहे आणि खोल्या तिथे बऱ्याच स्वस्त मिळतात. मोठी बचत होते ती इथेच. रोज सकाळी शेअर सुमोनं वर जायचं. ताजा बर्फ पडला की साध्या गाड्या टंगमर्गलाच थांबवतात, चाकांना साखळ्या असलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्याच वर जातात. ते भाडं निघण्याआधी ठरवून घ्यायचं. श्रीनगरहून टंगमर्गला मात्र तुमच्यासाठी पूर्ण टॅक्सी करायची, तिथे काटकसर नको.

आता हे दादाला वाचून दाखवा. पहिले दोन दिवस गंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचं, तिकीट काढायचं नाही. नवख्या माणसाला मैदानालगतचे सौम्य उतार आणि ओढून नेणारी छोटी लिफ्ट पुरते, वर जाऊन तो नुसता घाबरतो. पैसे द्यायचे ते शिकवणाऱ्याला. दोघांत एक इन्स्ट्रक्टर, दोन दिवस. दर, तास आणि त्यात स्की-बूट धरलेत की नाही, हे आधी लिहून घ्यायचं. स्वतःचं सामान विकत घेऊ नये, सगळं भाड्यानं मिळतं.

भाड्याचे बूट घाईनं घेतात आणि तिथेच सगळं बिघडतं. मोजे एकच जोडी, लोकरीचे. दोन घातले तर पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. बूट घालून ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरकावीत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. स्कीची उंची हनुवटीपर्यंत. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी बघून लावतात. म्हणून वहिनीनं वजन खरं सांगायचं! खटका जास्त घट्ट राहिला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो.

थांबायला आधी स्नो-प्लाउ शिकवतात: पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर, नडग्या बुटाच्या पुढच्या भागावर टेकलेल्या. भीतीनं सगळे मागे झुकतात. मग पुढच्या टोकांवरचा भार जातो आणि स्की आवरत नाही. पडायचंच झालं तर कुशीवर, चढाच्या बाजूला. पडता पडता उठायची धडपड करायची नाही, गुडघे त्यातच जातात. जीन्स तर नकोच, ओली झाली की वाळत नाही.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी गंडोलाचा पहिला टप्पा, कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,०८० मीटर. तिकिटं केबल कार महामंडळाच्या संकेतस्थळावर आधीच काढून ठेवते. दुसरा टप्पा जवळजवळ ३,९५० मीटरवर नेतो, तो तुम्ही करू नये असं मला ठामपणे वाटतं. बाबा, थंडीत रक्तदाब चढतो, त्यावर एवढी उंची नको. दादा-वहिनीनंही नको: वरचे उतार नवशिक्यांचे नाहीत, हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये तिथे एका परदेशी स्कीअरचा जीव गेला.

आई, तुझ्या गुडघ्यासाठी बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे घेते. गमबूट तिथे भाड्यानं मिळतात, पण घट्ट झालेल्या बर्फावर तेही घसरतात. गॉगल आणि सनस्क्रीन दोघांनाही हवंच, बर्फावरून परतणारं ऊन चेहरा भाजतं. खोलीत बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी) किंवा गॅसचा हीटर असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवायची आणि झोपण्याआधी तो विझवायचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळत नाही. शक्यतो विजेचं ब्लँकेट असलेलीच खोली बघते आहे.

बाबा, तुमचं सिम प्रीपेड आहे, ते जम्मू-काश्मीरमध्ये चालणार नाही. पोस्टपेड करून घ्या, महिनाभर आधीच. रक्तदाबाच्या गोळ्या आठ दिवसांच्या जास्त, आणि हातातल्या पिशवीत. डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारून घ्या. परतीच्या आधी श्रीनगरला एक दिवस मोकळा ठेवला आहे, बर्फात अडकलो तरी गाडी चुकू नये म्हणून.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. त्याआधी तुम्हा दोघांच्या आधार कार्डांचे फोटो पाठवा, नाव आणि वय कार्डावर आहे तसंच घालायचं आहे.

तुमची,
लेक