डॉक्टर ताई, चांदणीचा डोळा वाचला

आदरणीय डॉक्टर ताई,
सप्रेम नमस्कार.

दत्तजयंतीला आमच्या घोडीला, चांदणीला घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेत गेलो होतो. पापणीवरच्या गाठीच्या जागी केस तेवढे पांढरे उगवलेत. ओळखीचे लोक थांबून थांबून डोळा बघत होते. तेव्हाच ठरवलं, हे पत्र सगळ्यांसमोर लिहायचं.

पापणीवरची ती चामखीळ आम्ही आधी एकाकडून कापून घेतली. दोन महिन्यांत लिंबाएवढी होऊन परत आली. तुम्ही सांगितलं, हा सारकॉइड, म्हणजे घोड्याच्या कातडीवरची गाठ. गुरांच्या चामखिळीचा विषाणू घोड्याला लागून होतो आणि नुसता कापला की चवताळून येतो.

'केमो', म्हणजे कॅन्सरवर देतात ते औषध, ऐकताच वडील मटकन खाली बसले. आत्याचे हाल त्यांनी पाहिलेले. तुम्ही ओट्यावर त्यांच्या शेजारी बसून समजावलंत. शिरेतून दिलं तर औषध अंगभर फिरतं, थेट गाठीत टोचलं तर थोडक्यात भागतं. नुसतं सिसप्लॅटिन, म्हणजे हे केमोचं औषध, रक्तात चटकन वाहून जातं, म्हणून ते निर्जंतुक तिळाच्या तेलात घोटून द्यायचं. तिळाचं तेल म्हटल्यावर वडिलांचा चेहरा जरा सैल झाला! अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठाने ५७३ घोडे, खेचरं, गाढवांवरचा अनुभव २००७ साली छापला, सारकॉइडमध्ये शंभरात ९६ बरे झाले, हेही सांगितलंत. आणि लगेच म्हणालात, "पण चांदणीचं वचन मी देत नाही." त्या एका वाक्यामुळे आमचा तुमच्यावर विश्वास बसला.

कॅलिपरने गाठ मोजून दर घन सेंटिमीटरला एक मिलिग्रॅम, असा तुमचा हिशोब. दुहेरी हातमोजे घालून, कापूस लावतात तशी ओळीओळीने सुई. डोळा इतका जवळ, पण हात हलला नाही. दर पंधरा दिवसांनी, असं चार वेळा. दुसऱ्या खेपेनंतर पापणी सुजून खपली धरली, तेव्हा रात्री अकराला फोन केला, तुम्ही उचललात. औषध मांजरीला जीवघेणं, म्हणून आमची मनी तबेल्यात जाऊ नये हेसुद्धा तुम्ही आठवणीने बजावलंत.

चौथ्या महिन्यात खपली गळाली. वडील चांदणीच्या गळ्यात पडून म्हणाले, "डोया वाचना ना भो."

आई खापरावरचे मांडे करणार आहे. रविवारी या, ताई.

तुमचाच,
चांदणीचा मालक, शहादा तालुका