काकू, ती ओहोटीची चिठ्ठी आईने पोथीत ठेवलीय

काकू नमस्कार,

आमची अंदमानची ट्रिप आखून दिलीत म्हणून फोनवर मी थँक्यू म्हणाले होते पण ते काही खरं नाही, तुमच्या मागे बाळ रडत होतं आणि तुम्ही "बरं बरं, बाबांचे गुडघे कसे आहेत" एवढं विचारून फोन ठेवलात. म्हणून आता हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. आपण अजून एकमेकींना बघितलेलंसुद्धा नाही, मावशीची शाळेतली मैत्रीण एवढ्याच ओळखीवर मी तुम्हाला फोन केला होता. आणि गंमत बघा, तुम्ही एवढी वर्षं पोर्ट ब्लेअरला राहणाऱ्या, आणि आम्ही तिकडे गेलो तेव्हा नेमक्या तुम्ही पुण्यात लेकीच्या बाळंतपणाला! म्हणजे तुम्ही आमच्या मुलखात आणि आम्ही तुमच्या, आणि तरी सगळा दिवस तुम्हीच चालवलात.

तो एजंटचा पीडीएफ आठवतोय ना? (नाव नको घ्यायला, बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी ॲडव्हान्स परत केला.) सहा दिवसांची टूर आणि शेवटच्या दिवशी हॅवलॉक बेटाची डे ट्रिप. त्या एका दिवसात राधानगर बीच, एलिफंट बीच, काळापत्थर, स्कूबा डायव्हिंग, राधानगरचा सनसेट आणि रात्री परत पोर्ट ब्लेअर. मी तुम्हाला तो फॉरवर्ड केला आणि मनात म्हटलं, काकू म्हणतील छान आहे. तुमचा पाच मिनिटांत फोन. "अगं यात तुझ्या बाबांनी बाथरूमला कधी जायचं ते लिहिलंय का कुठे?" मी हसले, पण खरंच लिहिलं नव्हतं हो.

मग तुम्ही एक एक करून उकलून दाखवलंत. राधानगर जेटीपासून बारा-एक किलोमीटर, एलिफंट बीचला एकतर परत जेटीवरून छोट्या बोटीने जायचं नाहीतर जंगलातून चालत, आणि चालत म्हणजे चिखल. आणि सनसेट! डिसेंबरात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं. घड्याळ आपलं आणि त्यांचं एकच, पण अंदमान मुंबईच्या वीस अंश पूर्वेला, म्हणजे सूर्य तिथे तास-सव्वातास आधी सुटी करतो. सनसेट बघेपर्यंत परतीची बोट केव्हाच सुटलेली. म्हणजे त्या पीडीएफमधला सनसेट कोणी बघायचा होता देव जाणे.

"हॅवलॉकला जायचं तर दोन रात्री राहा, नाहीतर जाऊ नका, एका दिवसात नील बेट करा." हे तुमचं वाक्य. मी थोडी हिरमुसले होते खरं सांगते, कारण ऑफिसात सगळ्यांना हॅवलॉक हॅवलॉक सांगून ठेवलं होतं आणि राधानगरला ते स्वच्छ किनाऱ्यांना देतात ते ब्लू फ्लॅग वगैरे मिळालेलं. पण नील एवढंसं, या टोकापासून त्या टोकाला पाच-सहा किलोमीटर, रिक्षाने हिंडता येतं, आणि जेटीवर उतरलं की भरतपूर बीच चालत. बाबांसाठी एवढं ऐकलं आणि मी हो म्हटलं.

बाबांना मात्र वेगळ्याच कारणासाठी नील आवडलं. ते इतिहासाचे मास्तर, त्यांनी तिकिटावर शहीद द्वीप वाचलं आणि सुरू झाले. ३० डिसेंबर २०१८ ला नावं बदलली, नीलचं शहीद द्वीप, हॅवलॉकचं स्वराज द्वीप, हे मला माहीत होतं. पण नील आणि हॅवलॉक हे दोघेही १८५७ मध्ये कानपूरला आपल्या नानासाहेब पेशव्यांविरुद्ध उतरलेले इंग्रज अधिकारी, हे मला कुठे माहीत! त्यातला नील तर सूड घेण्यासाठी कुप्रसिद्ध, दोघेही त्याच वर्षी लखनौला मेले, आणि त्यांची नावं दीडशे वर्षं या एवढ्या सुंदर बेटांना. बाबा बोटीत शेजारच्या कुटुंबाला पण हे सांगत होते, ते गुजराती होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी खाकरा दिला. बाकी तिकडे सगळे अजून नीलच म्हणतात, रिक्षावाल्याला शहीद द्वीप म्हटलं तर तो म्हणाला हां हां नील. आणि पोर्ट ब्लेअरचं आता श्री विजयपुरम झालंय तरी तुम्हीसुद्धा पोर्ट ब्लेअरच म्हणता, मी पकडलंय तुम्हाला.

आता मुख्य गोष्ट, ओहोटी.

मी प्लॅन करताना हॉटेल बघितलं, बोट बघितली, हवामान बघितलं, समुद्र किती वाजता कुठे असेल हे बघायचं असतं हे डोंबिवलीच्या माणसाला सुचणार कसं? तुम्ही म्हणालात नीलचा तो दगडी नॅचरल ब्रिज बघायचा असेल तर आधी त्या दिवसाची ओहोटीची वेळ काढ आणि मग बाकीचा दिवस त्याच्याभोवती बसव. एजंट लोक ब्रिज तीन वाजता ठेवतात, तसा ठेवला असता तर त्या दिवशी आम्ही पाण्याकडे बघून परत आलो असतो. बाबा आमचे मूळचे रेवदंड्याचे, ते लगेच म्हणाले त्यात काय, तिथीची पाऊणपट करायची, दशमी आहे म्हणजे साडेसातला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी म्हणजे दीड-पावणेदोनला ओहोटी. तुम्ही फोनवर हसलात. "दादा, ते गणित आपल्या कोकण किनाऱ्याचं, तिकडचा समुद्र वेगळ्या वेळेने चालतो, छापील टेबल बघा." बाबांना ते लागलं थोडं. पण टेबलात निघाली पावणेबारा! दोन तासांचा फरक. त्यानंतर बाबांनी तुमच्याशी वाद घातला नाही, एवढं तर माझी आईपण पंचेचाळीस वर्षांत करू शकलेली नाही.

तुम्ही सांगितलेला क्रम मी कागदावर लिहून घेतला होता (तीच ती पोथीतली चिठ्ठी), कारण नीलवर नेटचा भरवसा नको असं तुमचं म्हणणं. सकाळी आधी लांबचं सीतापूर, मग अकराच्या आत लक्ष्मणपूर नंबर दोन या किनाऱ्यावरच्या ब्रिजवर, मग बाजारात जेवण, आणि शेवटी भरतपूर, कारण ओहोटीला भरतपूरला पाणी आत जातं आणि प्रवाळ उघडं पडतं, तिथे दुपारी पाणी परत चढायला लागलं की मजा. आणि जेटी शेजारीच असल्यामुळे शेवटी धावपळ नाही. किती साधं आहे हो हे, पण हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं, सगळे उलट्या क्रमाने करतात कारण भरतपूर आधी लागतं.

आणि तुमच्या त्या बारीकसारीक सूचना. परतीचं तिकीट आधी, जायचं नंतर. फ्लाइटच्या आदल्या दिवशी बेट नको, हवा बिघडली तर बोटी बंद होतात आणि विमान काही थांबत नाही. (आम्ही बेट तिसऱ्या दिवशी घेतलं. शेवटच्या दिवशी तर लख्ख ऊन होतं, समुद्र ताटासारखा, काहीही बिघडलं नाही. नवरा म्हणाला बघ, उगाच. पण मला रात्री झोप लागली ना, ते महत्त्वाचं.) ओळखपत्र सगळ्यांचं, पोराचं पण. पट्टीच्या सँडल, चप्पल नाही. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर नाही, आधी अर्धा तास. आणि नाश्त्याला इडली, तळलेलं नको. इथे माझ्या नवऱ्याने हॉटेलवर पहाटे पुरीभाजी मिळतेय म्हणून चार पुऱ्या हाणल्या. पुढचं लिहीत नाही. तो गुजराती खाकरा त्याच्याच कामी आला एवढं सांगते.

ब्रिजबद्दल मात्र लिहायलाच पाहिजे. तिथले लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली माणसं वसवली ना तिथे, म्हणून गावांची नावं पण सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर, आणि दगडाच्या कमानीला हावडा. मला हे फार आवडलं, माणूस कुठेही गेला तरी आपला पूल घेऊन जातो. वाट खडकाळ आहे, तुम्ही सांगितलं होतं की बाबांना जमत नसेल तर हट्ट करू नका, पायऱ्यांपाशी लिंबूपाणीवाले असतात तिथे बसवा. बाबा बसले. आणि त्यांना तिथे एक म्हातारे बंगाली गृहस्थ भेटले, लहानपणी आईवडिलांबरोबर नीलवर आलेले, तेव्हा नुसतं जंगल होतं म्हणे. बाबांचं हिंदी रेवदंड्याचं, त्यांचं बंगाली, दोघांनी तासभर काय गप्पा मारल्या माहीत नाही पण परत आलो तर बाबा उठायला तयार नाहीत.

आम्ही तिघं आणि आई कमानीपर्यंत गेलो. पाणी इतकं मागे गेलेलं की खडकांच्या खळग्यांमध्ये छोटी छोटी तळी साचलेली, त्यात निळे मासे, खेकडे, आणि ती काळी समुद्री काकडी, पोराने तिला हात लावायचा प्रयत्न केला, गाइडने ओरडून थांबवलं. जिवंत प्रवाळावर पाय द्यायचा नाही हे तुम्ही त्याला फोनवरच पढवलं होतं, तो सगळ्यांना सांगत होता, एका अनोळखी काकांनापण. मेलेल्या प्रवाळाचा एक पांढरा तुकडा त्याने खिशात घातला होता तो मी बाहेर काढायला लावला, कायद्याने नेता येत नाही आणि एअरपोर्टवर बॅगा तपासतात, हेही तुमचंच. पाच मिनिटं रुसला. मग त्याला मगरीची आठवण झाली, तुम्ही सांगितलेल्या त्या खाऱ्या पाण्यातल्या मगरीची, बोर्ड दिसला तर पाण्यात पाय नाही, आणि दिवसभर तो बोर्ड शोधत होता. सापडला नाही म्हणून नाराज. पोरांचं काय सांगायचं.

आईने कमानीखाली उभं राहून फोटो काढला नाही. ती खाली बसली आणि एका खळग्यात बघत राहिली, दहा मिनिटं तरी. मी म्हटलं आई चल, तर म्हणाली, "थांब गं, तो खेकडा घर बदलतोय." खरंच एक शंखातला खेकडा एका शंखातून दुसऱ्यात जात होता. एजंटच्या प्लॅनमध्ये त्याला वेळच नव्हता बघा.

जेवण बाजारातल्या साध्या हॉटेलात, भात डाळ मासा आणि वांग्याची भाजी. नीलची भाजी सगळ्या अंदमानात जाते हे कळल्यावर आई तिथल्या भाजीवालीकडे गेली आणि वांगी, भेंडी, दुधी, सगळ्यांचे भाव विचारून आली. घ्यायचं काहीच नव्हतं. तरी घासाघीस केली! भरतपूरला मग पाणी हळूहळू चढत होतं, काचेच्या तळाच्या बोटीतून नवरा आणि पोरगं गेले, आईने साडी गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात पाय घातले, आणि बाबा झाडाखाली घोरत होते. चारच्या आधी जेटीवर. धावलो नाही, कोणावर ओरडले नाही. आमच्या घरच्या ट्रिपमध्ये हे पहिल्यांदाच.

एका बाबतीत तुम्ही चुकलात हं काकू. रोख पैसे भरपूर ठेवा, तिकडे फोनवरून पैसे जात नाहीत म्हणालात, पण शहाळेवाल्याकडे क्यूआर कोड होता आणि पहिल्या झटक्यात गेले. बाबांनी हे तुम्हाला मुद्दाम कळवायला सांगितलंय, पाऊणपटीचा बदला. बाकी दोन ठिकाणी मात्र नेटच नव्हतं आणि तुमचीच रोकड कामाला आली, ते बाबा सांगू देत नाहीयेत.

तुम्ही मला किती वेळा फोन केलात मी मोजलं, सात. बाळाला मांडीवर घेऊन, रात्रीचे जागून. मी विचारलं होतं तुमच्यासाठी तिकडून काय आणू, तर म्हणालात, "तिकडचं माझं घर बंद आहे, शेजारणीला विचार माझी तुळस जिवंत आहे का." शेजारणीकडे गेले होते. आहे जिवंत. फोटो पाठवलाय, पण फोटोत वारा जास्त आणि तुळस कमी आलीय, म्हणून परत सांगते, मंजिऱ्यासुद्धा आहेत.

या रविवारी आम्ही सगळे पुण्याला बाळाला बघायला येतोय, आईने भाजणी आणि मेतकूट करून ठेवलंय आणि बाळासाठी झबली शिवलीत, तीन. बाबा पंचांग घेऊन येणार आहेत. दुपारी चारला चालेल ना, की तेव्हा बाळाची झोपायची वेळ असते? तुम्हीच टेबल बघून सांगा.

तुमची,
डोंबिवलीची न भेटलेली भाची