दादाला पत्र: आयोमीची बोटं

बर्मिंगहॅम,
रविवार

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. सगळं धडधाकट आलं, हे आईला आधी सांग. तळाशी आपलं ते गिटारचं मासिक निघालं, रद्दीवाल्याकडून किलोच्या भावानं उचललेलं. मुखपृष्ठ कधीच गेलंय, पण ‘ब्लॅक सॅबथ’ बँडचा गिटारवादक टोनी आयोमीची मुलाखत शाबूत आहे. समासात तुझी पेन्सिलही आहे: कुठली तार किती उतरवायची, बारीक अक्षरात.

तेव्हा आपण ते ट्यूनिंगचं पान वाचून वाचून झिजवलं. काल अपघाताचं पान नीट वाचलं आणि सारखं तुझं कारखान्यातलं प्रेस शॉप डोळ्यांपुढे येत राहिलं.

गोष्ट इथलीच, १९६५ ची. आयोमी १७ वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलेलं, त्यामुळे नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायलाच तयार नव्हता. आईनं दामटून पाठवलं. पत्रा दाबायच्या प्रेसवरची बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून याला तिच्या जागी उभं केलं. मशीन खाली आलं, यानं हात मागे ओढला आणि मधल्या बोटाचं नि अनामिकेचं टोक गेलं. हात उजवा. पण हा डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका तोच.

तू लगेच विचारशील, मशीनला हात वाचवणारं गार्ड कुठे होतं? नवख्याला मशीनवर उभं कुणी केलं? माझ्याही मनात तेच आलं. मुलाखत घेणारा मात्र तिथून थेट अ‍ॅम्प्लिफायरवर उडी मारतो. कारखान्याचा विषय निघाला की या मंडळींना भलतीच घाई होते.

डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर. मग कारखान्याचा मॅनेजर घरी आला आणि त्यानं जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. १९२८ मध्ये राहत्या गाडीला लागलेल्या आगीत जँगोचा डावा हात भाजला होता. पुढे त्यानं सगळं वादन मुख्यतः दोन बोटांवर केलं. आयोमीनं ते ऐकलं आणि कामाला लागला. भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून गोळी केली, सोल्डरिंगच्या डागणीनं तिला भोक पाडलं, बोटावर बसेपर्यंत पॉलिशपेपरनं घासली, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. चामडं कशाला? नुसतं प्लास्टिक तारेवरून घसरतं. हे काम तूही अस्संच केलं असतंस.

बोटांवरच्या या टोप्यांना तारेचा स्पर्श कळत नाही, त्यामुळे जाड तारा ताणणं अवघड. बारीक तारांचे संच तेव्हा मिळत नव्हते, म्हणून यानं बँजोच्या तारा चढवल्या. ब्लॅक सॅबथच्या १९७१ च्या तिसऱ्या अल्बमात तर काही गाण्यांना गिटार दीड सूर खाली उतरवली. तारा सैल, बोटांना आराम, आणि आवाज खर्जात गेलेला, जडशीळ. बँडचा बेसवादक गीझर बटलरनं बेसही सोबत उतरवला. तू समासात लिहून ठेवलंस ते हेच, फक्त त्याचा बोटांशी असलेला संबंध आपल्या गावीही नव्हता.

ब्लॅक सॅबथचे चौघंही इथल्या अ‍ॅस्टनचे. शेवटचा कार्यक्रमही तिथेच, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर, ५ जुलै २०२५ ला झाला, आणि त्याच महिन्यात बँडचा गायक ऑझी गेला. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पुलाला बँडचं नाव आहे, चौघांच्या चेहऱ्यांचा बाकही २०१९ मध्ये तिथे बसवला. आलास की नेतो.

चिरंजीव बोटं दुखतात म्हणून गिटार कपाटावर टाकून बसलेत, असं वहिनी म्हणत होती. त्याला सांग, बारीक तारांचा संच आता कुठेही मिळतो. तो चढव आणि अर्धा सूर उतरवून वाजवून बघ. आणि तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे मानेवरच्या बोटं दाबायच्या पट्टीपासून, फार उंच आहेत का, ते तू स्वतः बघ. निम्मं दुखणं तिथलंच असतं.

मुलाखतीच्या पानांचे फोटो पाठवतो. मासिक मात्र मागू नकोस, ते आता माझ्याकडेच राहणार.

तुझा,
बंड्या