माळ्यावरचे फिल्मचे डबे भंगारात देऊ नका, आमच्याकडे आणा

नाशिककरांना आणि पोटापाण्यासाठी नाशिक सोडून गेलेल्या सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात पंचवटीतला एक जुना वाडा पाडायला काढला. माळा रिकामा करताना पितळी भांडी, जमाखर्चाच्या वह्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. भंगारवाल्याने भांडी तोलली, डबा पायाने बाजूला सारला. घरच्या सूनबाईंनी तो आमच्याकडे आणून दिला. झाकण उघडताच चायनीजच्या गाडीवर येतो तसा व्हिनेगरचा झणका नाकात गेला. आत सुपर-८ ची, म्हणजे घरगुती कॅमेऱ्याच्या आठ मिलिमीटर फिल्मची, चार रिळं. तीन चिकटून त्यांच्या वड्या झालेल्या. चौथं उलगडलं: पन्नास फूट, ३६०० फ्रेम, जेमतेम तीन मिनिटं वीस सेकंद. १९८० च्या सिंहस्थातलं रामकुंड. ओलं लुगडं पिळणारी बाई, दगडावर वस्तरा घासणारा न्हावी, आणि आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा. सगळे पाण्याकडे बघताहेत, हा एकटा कॅमेऱ्याकडे. त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, पण तो माणूस फ्रेममध्ये नाही.

हे आवाहन त्या डब्यामुळे लिहितो आहोत.

आपल्याकडे सिनेमा सुरू झाला तोच मुळी लघुपट म्हणून. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिती दाखवल्या गेल्या. एकेक फीत मिनिटभराच्या आतबाहेरची, तिकीट एक रुपया. तो खेळ पाहून भारावलेल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, एकवीस गिनी मोजून लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती टिपली. फिल्म धुवायला पुन्हा लंडनला पाठवावी लागली! १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांचं मुंबईतलं स्वागतही सावेदादांनी चित्रित केलं. भारतातली पहिली बातमीफीत म्हणून तिचा उल्लेख होतो. उल्लेखच होतो, कारण ती कुस्ती आणि ते स्वागत आज कुणाला दाखवता येत नाही.

आता आपले दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या, नाशिकातच कंपनी थाटलेल्या आणि इथेच डोळे मिटलेल्या या माणसाचं नाव काढलं की सगळे ‘राजा हरिश्चंद्र’वर थांबतात. पण त्याआधी १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेत राहिले. पडद्यावर बी फुटतं, कोंब वर येतो, वेल होते. ‘अंकुराची वाढ’ म्हणतात ती हीच. ही इवलीशी फिल्म दाखवून त्यांनी सावकाराचा विश्वास मिळवला, मग पुढचं भांडवल उभं राहिलं. म्हणजे मराठी माणसाच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाला तारण होता एक लघुपट. (दागिने गहाण टाकणाऱ्या सरस्वतीबाईंना विसरून चालणार नाही, तो हिशेब वेगळाच आहे.) पुढे फाळक्यांनी ‘पिठाचे पंजे’, ‘आगकाड्यांची मौज’ असे कितीतरी छोटे खेळ केले, स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ बनून जादू दाखवली. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं तरी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोचली. छोट्या फितींच्या वाट्याला ते भाग्य क्वचितच आलं. मुख्य चित्रपटाच्या डब्यावर नाव असायचं, सोबतच्या फितीला कोण विचारतो?

१९४८ साली सरकारची फिल्म्स डिव्हिजन सुरू झाली आणि तिचे माहितीपट आणि बातमीपट थिएटरांत सक्तीचे झाले. आम्हीही त्या वेळात बाहेर उभे राहून शेंगदाणे खाल्लेत, खोटं कशाला बोला. आज त्याच फितींमध्ये धरणांची बांधकामं, रेशनच्या रांगा, भाक्रा ते कोयना सगळं सापडतं, तेव्हा हळहळ वाटते. विजया मुळे यांची ‘एक अनेक और एकता’ मात्र दूरदर्शनमुळे घराघरांत पोचली. सात मिनिटांची ती फिल्म कितीतरी जणांना आजही पाठ आहे. १९८५ साली सुमित्रा भावे यांनी पुण्यातल्या वस्तीतल्या एका बाईच्या आयुष्यावर ‘बाई’ केला. उमेश कुलकर्णींचा ‘गिरणी’ २००४ चा, नागराज मंजुळेंचा ‘पिस्तुल्या’ २००९ चा. ‘वळू’ आणि ‘फँड्री’ नंतर आले.

‘गिरणी’ आणि ‘पिस्तुल्या’ यांच्या मधल्याच काळात आपल्या कॉलेजांतली पोरं मिनी-डीव्ही कॅमेरे भाड्याने आणून लघुपट करत होती. एका टेपवर तासभर. स्पर्धा संपली, टेप खोक्यात गेली. ती वाजवणारी यंत्रंच आता मिळत नाहीत. आमच्याकडचं एक सेकंडहँड आहे आणि तेही कधीकधी टेप गिळतं.

आमच्या फिल्म सोसायटीकडे आजवर सुपर-८ आणि १६ एमएमची ४१ रिळं आणि ११२ टेप जमा झाल्या आहेत. त्यांपैकी स्कॅन झालेली रिळं फक्त नऊ. एक चूक कबूल करतो: सुरुवातीला उत्साहाच्या भरात आम्ही एक १६ एमएमचं रीळ थेट जुन्या प्रोजेक्टरवर चढवलं. आक्रसलेल्या फिल्मची छिद्रं दात्यांवर बसेनात, सात-आठ फुटांच्या चिंध्या झाल्या. तेव्हापासून स्कॅन झाल्याशिवाय काही चालवायचं नाही, असा नियम केला. तुम्हीही घरी प्रोजेक्टर असला तरी मोह आवरा.

मदत दोन प्रकारची हवी आहे.

पहिली, डबे. लग्न, मुंज, सिंहस्थ (१९८०, १९९१-९२, २००३, कुठलाही), गणपतीची मिरवणूक, शाळेचं संमेलन, कॉलेजातला लघुपट, थिएटर बंद पडल्यावर मालकाच्या गोदामात राहिलेली जाहिरातीची फीत, काहीही चालेल. डबा उन्हात ठेवू नका, पुसू नका, सेलोटेप लावू नका. व्हिनेगरचा वास येत असेल तर वेगळा ठेवा, कारण ही आम्लाची वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही नासवते. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची ३५ एमएम फिल्म सापडली तर मात्र आणू नका, आम्हाला बोलवा. ती नायट्रेटची असू शकते आणि नायट्रेट पेट घेतं. पुण्यात २००३ साली अशाच साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांची कित्येक रिळं गेली. एसटीत मांडीवर घेऊन यायची ती वस्तू नव्हे.

मूळ रीळ तुमचंच राहील. स्कॅनची प्रत पेनड्राइव्हवर देऊ. घरगुती चित्रण लेखी परवानगीशिवाय कुणालाही दाखवणार नाही.

दुसरी, पैसे. सुपर-८ चं एक छोटं रीळ साफ करून बाहेरून स्कॅन करून आणायला आम्हाला सध्या सुमारे दीड हजार रुपये पडतात. एका रिळाचा खर्च कुणी उचलला, तरी एक रीळ वाचतं. शिवाय खोलीतली ओल काढायला दोन डीह्युमिडिफायर हवेत. पावसाळ्यात भिंतीला हात लावला की तळवा ओला होतो. आमच्याकडे आयकरातली ८०जीची सवलत नाही, साधी पावती मिळेल. पैसे कार्यालयात येऊन रोख किंवा चेकने द्या. व्हॉट्सअॅपवर आमच्या नावाने क्यूआर कोड आला तर तो आमचा नाही. पैसे जमत नसतील तर रविवारी सकाळी दोन तास या. टेपांवरची नावं वाचून नोंदवायला माणसं कमी पडतात, आणि जुनी मोडी वळणाची अक्षरं लागणारे ज्येष्ठ आले तर फारच बरं.

स्कॅन झालेल्या नऊ रिळांचा खेळ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या खोलीत असतो. घरगुती रिळं त्या त्या घरच्यांच्या परवानगीनेच लावतो. रामकुंडाचं रीळ आम्ही सर्वांत शेवटी लावतो आणि मुलगा आला की थांबवतो. तो आज पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ असेल. पंचवटीतल्या कुणी त्याला ओळखलं तर त्याला घेऊन या. खांद्यावरचा हात कुणाचा, ते त्यालाच विचारायचं आहे.

आपले,
कार्यकारिणी, फिल्म सोसायटी, नाशिक