कागदावरचं पाणी

मा. संपादक,

गोव्याच्या बार्देस तालुक्यात पाणी का पुरत नाही म्हणून उन्हाळा आला की तुमच्याकडे पत्रं सुरू होतात, अस्नोड्याचा पाणी शुद्ध करायचा प्लांट नी तिळारीचा कालवा सगळ्यांना पाठ झालाय. पण पाणी किती लागणार हे मुळात ठरतं कसं त्यावर कोणी लिहीत नाही. मी पाण्याच्या स्कीमांतच नोकरी काढली म्हणून लिहितो.

स्कीम करायची तर आधी ३० वर्षांनंतरची लोकसंख्या काढायची. पुस्तकात पद्धती चार-पाच, सरळ वाढ, टक्क्याने वाढ, ग्राफ वगैरे. आम्ही सगळ्या काढायचो आणि ज्या आकड्याला वरून मंजुरी मिळेल तोच ठेवायचो, खोटं कशाला बोलू. मग माणशी रोज १३५ लिटरने गुणलं की एस्टिमेट तयार. गोव्याची लोकसंख्या २००१ ला १३ लाख ४७ हजार, २०११ ला १४ लाख ५८ हजार, म्हणजे दहा वर्षांत जेमतेम आठ टक्के वाढ, आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही त्यामुळे अजून तेच आकडे ताणत बसायचं. आता कळंगुट-कांदोळीची हॉटेलं आणि वर्षाला पंधरा दिवस उघडणारे दिल्लीवाल्यांचे फ्लॅट ह्यात कुठे बसवणार? हॉटेलला खाटेमागे १८० लिटर असं सरकारी मॅन्युअलात आहे, पण खाटा मोजायला जातो कोण!

आमच्याकडे एक लाईनमन होता, सातवी शिकलेला, व्हॉल्वची लांब चावी खांद्यावर टाकून फिरायचा. कुठल्या वाड्याला किती वेढे सोडले की चढावरच्या शेवटच्या घरात पाणी पोचतं ते त्याच्या हाताला ठाऊक. एकदा त्याला नवीन लाईनचा नकाशा दाखवला तर म्हणाला, "सायबा, कागदार उदक आसा, नळार येवचें ना." मी हसलो. दोन वर्षांनी त्याच चढावर टँकर लागला.

आता नवीन पोरं कम्प्युटरवर नेटवर्कचं मॉडेल करतात, आमच्या वयाचे त्याला खेळणं म्हणतात, मला काही ते पटत नाही, चांगली गोष्ट आहे. फक्त आत टाकतात तो आकडा आमचाच, १३५ वाला. त्यापेक्षा प्रत्येक टाकीच्या आउटलेटला मीटर बसवा, रोज रीडिंग घ्या, मे आणि डिसेंबरचं वेगळं मांडा. आणि स्कीमच्या मीटिंगला लाईनमनला खुर्ची द्या. माझ्या वेळी मीटिंग असली की त्याला चहा आणायला पाठवायचे, आणि पाठवणाऱ्यांत मीही होतो.

– एक निवृत्त इंजिनियर, म्हापसा