ड्रेस्डेनच्या ताईला जाहीर थँक्यू

ताई,

सगळ्यांसमोर लिहितोय कारण फोनवर थँक्यू म्हटलं की तू 'गप रे' म्हणतेस आणि घरच्यांची चौकशी सुरू करतेस.

एमएस्सीच्या सेमिनारला मी हेवी फर्मिऑन (म्हणजे ज्यांच्यात इलेक्ट्रॉन खूप जड झाल्यासारखे वागतात अशा मेटल) घेतलं तेव्हा आमच्याकडे त्यावर काम करणारं कोणीच नव्हतं, पेपर उघडावा तर पहिल्याच पानावर फेज डायग्राम, म्हणजे पदार्थ कुठे कसा वागतो त्याचा नकाशा, आडवं प्रेशर, उभं तापमान, मध्ये रंगीत घुमट, आणि तो घुमट तिथेच का आला हे कोणी सांगायला तयार नाही. तू लॅबमधून सुटलीस की ट्राममधून व्हॉइस नोट पाठवायचीस, मागे जर्मन अनाउन्समेंट चालू, आणि मी इकडे पॉज करून करून वहीत उतरवायचो.

सगळे सुरुवात 'इलेक्ट्रॉन हजारपट जड होतो' इथून करतात. तू ते बाजूलाच ठेवलंस. अशा मेटलमधल्या सिरियमच्या प्रत्येक अणूत 4एफ नावाच्या आतल्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि त्याला छोटा मॅग्नेटिक मोमेंट असतो, म्हणजे तो एक चिमुकला चुंबकच, आता एक तर आजूबाजूचे कंडक्शन इलेक्ट्रॉन, म्हणजे करंट वाहणारे मोकळे इलेक्ट्रॉन, त्याला घेरून त्याचा मोमेंट झाकून टाकतात (याचं नाव कोंडो), नाहीतर हे मोमेंट त्याच इलेक्ट्रॉनांमार्फत एकमेकांशी बोलतात आणि ओळीत उभे राहतात (याचं नाव आरकेकेवाय). दोन्ही गोष्टी एकाच कपलिंगवर, म्हणजे 4एफ आणि कंडक्शन इलेक्ट्रॉन एकमेकांना किती घट्ट धरतात यावर अवलंबून, फक्त कोंडो एक्स्पोनेन्शियल वाढतो आणि दुसरा कपलिंगच्या वर्गाने (स्क्वेअरने), म्हणून कपलिंग कमी असताना मॅग्नेटिझम जिंकतो आणि वाढवत नेलं की कोंडो. डोनियाक या भौतिकशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडलेलं एवढंसं चित्र, पण ते कळल्यावर अर्धे पेपर वाचता यायला लागले. खरंच!

मग म्हणालीस, प्रेशर म्हणजे हे कपलिंग वाढवायची मूठ. दुसरं मूलद्रव्य मिसळूनही वाढतं, पण मग क्रिस्टलमध्ये घाण येते, दाबलं तर क्रिस्टल तोच राहतो. आणि इटर्बियमला हे उलटं का लागू पडतं ते मी दोनदा विचारलं तरी तू चिडली नाहीस: सिरियमचा बिनमॅग्नेटिक आयन आकाराने लहान, इटर्बियमचा मात्र मॅग्नेटिक आयनच लहान, दाबल्यावर दोघेही लहान व्हायलाच बघतात, त्यामुळे एकाचा मॅग्नेटिझम मरतो आणि दुसऱ्याचा वाढतो. परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं बरं का.

मॅग्नेटिक फील्डसाठी तू तुमच्या ड्रेस्डेनचा लाडका इटर्बियम-रोडियम-सिलिकॉन घेतलास. 70 मिलिकेल्विनला अँटीफेरोमॅग्नेट होतो (शेजारशेजारचे मोमेंट उलटसुलट दिशेने ओळीत लागतात) आणि क्रिस्टलच्या आडव्या पातळीत जेमतेम 0.06 टेस्ला लावलं की ते मोडतं, एखादं साधं निओडिमियम मॅग्नेटही याहून जास्त देतं. उभ्या अक्षात मात्र 0.66 टेस्ला लागतं, अकरा पट. बरोबर त्या सीमेवर रेझिस्टन्स तापमानाच्या सरळ प्रमाणात चालतो, फील्ड अजून वाढवलं की परत शहाण्या मेटलसारखा तापमानाच्या वर्गाने. हा ग्राफ मी स्लाइडवर सगळ्यात मोठा लावला.

पण खरा थँक्यू प्रेशर सेलच्या, म्हणजे सँपल आत ठेवून दाबायच्या डबीच्या, गप्पांसाठी. कुठल्याच पेपरात असं मोकळेपणी लिहिलेलं मला सापडलं नाही की फील्ड कॉम्प्युटरवर आकडा टाकून बदलता येतं, पण पिस्टनच्या सेलमधलं प्रेशर बदलायचं तर सगळं गरम करा, सेल काढा, हायड्रॉलिक प्रेसखाली दाबा, नट आवळा, पुन्हा थंड करा, आणि थंड होताना आतलं तेल आकसून प्रेशर थोडं उतरतंच. म्हणून सँपलशेजारी शिशाचा तुकडा ठेवतात, तो एरवी 7.2 केल्विनला सुपरकंडक्टर होतो (रेझिस्टन्स शून्य), प्रेशरखाली त्याच्याही खाली, जेवढा खाली उतरला त्यावरून आतलं खरं प्रेशर काढायचं. तेव्हा कुठे लक्षात आलं की ग्राफवर प्रेशरचे ठिपके मोजकेच का असतात आणि फील्डच्या रेषा अखंड का. आता प्रत्येक ठिपका बघताना त्यामागे कोणीतरी नट आवळणारं दिसतं.

आणि सिरियम-रोडियम-इंडियमची ती शेवटची नोट! साध्या दाबाला 3.8 केल्विनखाली अँटीफेरोमॅग्नेट, साधारण 2 गिगापास्कलला 2 केल्विनच्या वर सुपरकंडक्टर, 2000 साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस लॅबवाल्यांनी दाखवलेलं. मी म्हटलं, म्हणजे 1.75 गिगापास्कलच्या पुढे मॅग्नेटिझम संपला? तू म्हणालीस, फील्ड लावून बघ. फील्ड लावलं की सुपरकंडक्टिव्हिटीच्या आतूनच मॅग्नेटिझम पुन्हा डोकं वर काढतो, म्हणजे तो संपलेला नव्हताच, तिने त्याच्यावर पांघरूण घातलं होतं, साधारण 2.3 गिगापास्कलपर्यंत. नुसतं प्रेशर वापरणाऱ्याला हे दिसलंच नसतं. सेमिनारमध्ये या स्लाइडला मागच्या बाकावरची कुजबुजही थांबली, मार्कही बरे पडले.

आता युरेनियम-टेल्युराइड राहिलंय. सँपलप्रमाणे 1.6 ते 2.1 केल्विनचा सुपरकंडक्टर, तो 40 टेस्लाच्या पुढे फील्ड विशिष्ट कोनात तिरकं केलं की परत सुपरकंडक्टर कसा काय होतो? ट्राम लांबची असेल त्या दिवशी सांग.

तुझा,
प्रश्न विचारून पिडणारा ज्युनियर