चेटकिणीला काय घाबरायचे, नायकाला घाबरा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत चेटकिणी, व्हँपायर आणि राक्षसांच्या इंग्रजी प्रेमकथामालिकांवर टीका करणारा लेख वाचला. जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात मुलींच्या उशाशी असली पुस्तके असावीत, याचे लेखकाला वाईट वाटते. 2013 च्या त्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे ते करणी-भानामतीच्या नावाने माणसाला लुबाडणे, छळणे, एखादीला डाकीण ठरवून तिचे जगणे मुश्कील करणे. गोष्टीतली बाई मंत्र म्हणते म्हणून कुठले कलम लागत नाही. नाहीतर विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आधी खाली उतरवावा लागेल.

लेखात उल्लेख आलेली डेबोरा हार्कनेस यांची मालिका मी भाचीकडून घेऊन वाचली आहे. 'अ डिस्कव्हरी ऑफ विचेस' (2011), 'शॅडो ऑफ नाइट' (2012) आणि 'द बुक ऑफ लाइफ' (2014) हे तिचे मुख्य तीन भाग. पुढे आणखी आले. हार्कनेस या विज्ञानाच्या इतिहासाच्या प्राध्यापक, आणि ते पानोपानी जाणवते. नायिका डायना बिशप चेटकिणीच्या घराण्यात जन्मलेली, पण जादूला हात न लावता किमयाशास्त्राचा इतिहास अभ्यासणारी. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात ती ॲशमोल 782 हे हस्तलिखित मागवते. उघडून बघते तर तीन पाने कापून काढलेली, मजकुराच्या खाली दुसराच मजकूर हलतोय. घाबरून ती टिपणे काढते आणि पोथी सरळ परत करून टाकते. ग्रंथालयात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला अख्ख्या मालिकेत हेच प्रकरण सर्वांत जास्त आवडले. गंमत म्हणजे एलायस ॲशमोल हा संग्राहक खरा, त्याचा संग्रह बोडलियनमध्ये आहे, आणि त्यातले 782 क्रमांकाचे हस्तलिखित खरोखरच बेपत्ता आहे.

डायना ज्या ब्रिजेट बिशपची वंशज दाखवली आहे, तीही खरी. अमेरिकेतल्या सेलमच्या खटल्यांत चेटकीण ठरवून सर्वांत आधी फासावर दिली गेली ती हीच, 10 जून 1692 रोजी. तिच्यामागून आणखी अठरा जणांना फाशी झाली. ही पुस्तके बोट दाखवणाऱ्यांच्या बाजूने नाहीत, ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले त्यांच्या बाजूने आहेत. अंधश्रद्धा पसरवायची असती तर उलटे लिहिले असते. आणि लेखात ज्यांना 'राक्षस' म्हटले आहे त्या 'डीमन'ना शिंगे-शेपटी काही नाही. विलक्षण प्रतिभेची, जरा तऱ्हेवाईक, स्वतःच्या डोक्याला वैतागलेली माणसे आहेत ती. दुसऱ्या भागात कथा 1590 च्या सुमाराच्या लंडनमध्ये जाते, तेव्हा नाटककार ख्रिस्तोफर मार्लो याच गोतावळ्यात सापडतो.

मराठी वाचकाला या मालिकेत खरे ओळखीचे वाटेल ते वेगळेच. चेटकिणी, व्हँपायर आणि डीमन यांनी आपापसात प्रेम करायचे नाही, लग्न करायचे नाही, असा शेकडो वर्षांपूर्वीचा करार आहे. तो मोडणाऱ्याचा न्याय करायला नऊ जणांचे मंडळ आहे, प्रत्येक जमातीचे तीन. म्हणजे जातपंचायतच की! अशा पंचायतींच्या जाचाविरुद्ध आपल्याला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरोधी कायदा करावा लागला. डायना आणि तिचा व्हँपायर मॅथ्यू यांच्यामागे सगळे हात धुऊन लागतात ते याही कारणासाठी, आणि त्यांत पुढे असतात ते डायनाच्याच जमातीतले. लेखकाने हे वाचले असते तर त्यांचा अर्धा राग निवळला असता.

उरलेल्या अर्ध्या रागाला कारण मात्र मी त्यांना देऊ शकते, कारण काळजी करण्यासारखे या पुस्तकांत आहेच. ते म्हणजे नायक. मॅथ्यू दीड हजार वर्षांचा, देखणा, श्रीमंत, शास्त्रज्ञ. ओळख नुकतीच झालेली असताना तो रात्री न विचारता डायनाच्या खोलीत शिरतो आणि ती झोपली असताना तिच्याकडे बघत उभा राहतो. पुढे तिने कुठे जावे, एकटीने जावे की नाही, तिला कोणती गोष्ट कळू द्यावी, हे बऱ्याचदा तोच ठरवतो. नाव 'संरक्षण'. त्याच्या संतापाला तर लेखिकेने रक्तातल्या आजाराचे कारण जोडून दिले आहे! आपल्या गल्लीत कुणी असा वागला तर पोलिसांत तक्रार होईल. पुस्तकात तो दोन-तीनशे पाने असाच वागतो आणि वाचणारीने त्यावर जीव ओवाळून टाकावा अशी अपेक्षा असते. डायना अधूनमधून त्याला ठणकावते, दुसऱ्या भागापासून तिची जादू वाढते तशी जरा बरोबरीही येते. पण पहिला भाग वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून ठेवले होते. अठरा वर्षांच्या मुलीने मंत्रतंत्र खरे मानण्याची शक्यता मला शून्य वाटते. पाळत ठेवणे म्हणजे प्रेम, हे मानण्याची शक्यता तेवढी कमी वाटत नाही.

पुरवणीत पुन्हा या विषयावर काही छापणार असाल तर ज्यांनी ही पुस्तके वाचली आहेत त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि त्यातही कॉलेजातल्या मुलींकडून. माझ्या भाचीला मॅथ्यू फार आवडतो. हे पत्र छापून आले तर पहिले खरमरीत उत्तर तिचेच येईल, तेही कृपया छापावे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, मिरज